साथ आली की शेवटचा शब्द कोणाचा? स्वीडन आणि ब्रिटन

कोविडच्या पहिल्या वर्षी स्वीडनमध्ये माइकसमोर दिसायचे ते सरकारी साथरोगतज्ज्ञ आंदेर्स टेग्नेल. मंत्र्यांनी सरकारी संस्थांच्या रोजच्या निर्णयांत ढवळाढवळ करायची नाही, ही तिथली जुनी शिस्त. त्यामुळे खटके कमी उडाले. पण मंत्र्यांना लपायला आडोसाही मिळाला. वृद्धाश्रमांत माणसं दगावली, आणि २०२२ मध्ये चौकशी आयोगाने सरकारवर ठपका ठेवला: नेतृत्व तुम्हीच करायला हवं होतं.

ब्रिटनमध्ये 'सेज' ही शास्त्रज्ञांची समिती सल्ला देणार, ठरवणार मंत्री. 'आम्ही विज्ञानाच्याच सांगण्यानुसार चाललोय' हे त्यांचं पालुपद. (जणू सगळे शास्त्रज्ञ एका सुरात बोलतात!) २१ सप्टेंबर २०२० ला सेजने अल्पकाळाच्या टाळेबंदीचा पर्याय तातडीने विचारात घ्यायला सांगितलं. सरकारने तो बाजूला सारला, आणि ५ नोव्हेंबरला इंग्लंडभर टाळेबंदी लावावीच लागली. सप्टेंबरच्या त्या बैठकीचं इतिवृत्त ऑक्टोबरमध्ये बाहेर आलं, तेव्हा कुठे लोकांना हा मतभेद कळला.

मला तरी ब्रिटनची रचना बरी वाटते. शाळा, रोजगार, मृत्यू यांचा तोल सांभाळणं हे निवडून आलेल्यांचंच काम. फक्त सल्ला त्याच दिवशी जाहीर व्हावा, आणि तो नाकारला तर कारणही.