सबवूफरचा डबा: एमडीएफ की प्लाय?

गाडीच्या डिकीसाठी बारा इंची सबवूफर (खोल, घुमणाऱ्या आवाजाचा म्हणजे बासचा स्पीकर) आणलाय, खिसा हलका आहे. डबा कशाचा? काहीही घ्या, जाडी १८ मिमी. १२ मिमी थरथरतो.

एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेली पाटी) स्वस्त, आतून एकसंध. पण आठ बाय चारची शीट साधारण ४० किलो भरते, आणि कडेत थेट स्क्रू मारला की फाटते. ४ मिमी स्क्रूला आधी ३ मिमीचं भोक पाडा, सांध्यात फेविकॉल सढळ. डिकीत पाणी शिरलं की कडा पावासारख्या फुगतात, सांधे हवा सोडतात.

प्लाय हलका, स्क्रू घट्ट धरतो. स्वस्तातल्या प्लायच्या थरांत मात्र पोकळ्या असतात. बास लागला की तिथूनच खरखर. कापलेली कड बघूनच घ्या.



डिकी कोरडी राहत असेल तर एमडीएफ. गळत असेल किंवा डबा सारखा काढावा लागत असेल तर आयएस ७१० छापाचा (पाण्याला टिकणारा, मरीन) प्लाय, महाग पडला तरी.