सिक्वेन्स आधी कोणाचा? वही, फाइल, डेटाबेस की अर्ज

जनुकाचा सिक्वेन्स, म्हणजे त्यातल्या डीएनएच्या अक्षरांचा क्रम, आपणच आधी काढला, हे पेटंटच्या वादात दाखवायची वेळ आली तर हाताशी चार गोष्टी असतात: प्रयोगवही, सिक्वेन्सिंग यंत्राच्या कच्च्या फाइल्स, सार्वजनिक डेटाबेसमधली नोंद आणि पेटंट अर्जाची तारीख. चारही जपा. पण एकीवरच सगळी भिस्त ठेवायची असेल, तर मी पूर्ण सिक्वेन्ससह लवकर केलेला अर्ज निवडेन.

बीटा इंटरफेरॉन या विषाणूंविरुद्ध लढणाऱ्या प्रथिनाच्या जनुकावरून रेव्हेल, फायर्स आणि सुगानो या संशोधकांत अमेरिकेत झालेला तिहेरी वाद पाहा. तेव्हा तिथे ‘आधी शोध लावणारा’ हा नियम होता. रेव्हेल यांचा इस्रायलमधला अर्ज सर्वांत आधीचा, नोव्हेंबर १९७९ चा. पण त्यात पूर्ण सिक्वेन्स नव्हता. फायर्स म्हणत होते की जनुक वेगळं कसं करायचं याची पद्धत आपल्याला आधीच सुचली होती आणि ती अमेरिकेत पोहोचलीही होती. त्यांचा सिक्वेन्ससहचा ब्रिटिश अर्ज मात्र ३ एप्रिल १९८० चा. सुगानो यांचा जपानी अर्ज १९ मार्च १९८० चा, आणि त्यात पूर्ण सिक्वेन्स होता. १९९३ मध्ये फेडरल सर्किट या पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयाने सुगानोंच्या बाजूने निकाल दिला. पद्धत माहीत असणं म्हणजे रेणू माहीत असणं नव्हे, हा त्यामागचा विचार. त्याआधी १९९१ मध्ये एरिथ्रोपोएटिन या लाल रक्तपेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या जनुकावरून झालेल्या अॅम्जेन कंपनीच्या खटल्यातही याच न्यायालयाने हाच सूर लावला होता. म्हणजे ‘कसं शोधायचं ते मला आधी सुचलं’ याला जनुकाच्या बाबतीत फारशी किंमत नाही.

प्रयोगवहीचं दुखणं वेगळं आहे. संशोधकाने स्वतःच्या वहीत लिहिलेलं स्वतःच सिद्ध होत नाही. दुसऱ्या कोणाचा तरी दुजोरा लागतो. ‘वाचले व समजले’ अशी तारखेसह सही, तीही त्या शोधात वाटेकरी नसलेल्या सहकाऱ्याची, वेळच्या वेळी घेतलेली असेल तर वही भक्कम. सहा महिन्यांची पानं एका दुपारी सही करून घेतली असतील, तर समोरचा वकील त्याच पानांवरून तुमची उलटतपासणी रंगवेल.

कच्च्या फाइल्स मला वहीपेक्षा जास्त आवडतात. कोणत्या दिवशी कोणता नमुना चालवला, प्रत्येक अक्षराची खात्री किती, हे त्यांत दिसतं. मात्र फाइलची तारीख कॉपी करताना बदलू शकते. मूळ फाइल्स प्रयोगशाळेबाहेरच्या, न बदलता येणाऱ्या साठ्यात लगेच टाकल्या नसतील तर त्यांचा भाव निम्मा.

डेटाबेसमधली नोंद त्रयस्थाकडे असते, म्हणून विश्वासार्ह. जेनबँक या सार्वजनिक डेटाबेसमध्ये नोंद काही काळ गोपनीय ठेवता येते. पण ती खुली झाली की तुमच्या नंतरच्या अर्जाचं नावीन्यच धोक्यात येतं. अमेरिकेत स्वतःच्या प्रकाशनाला एक वर्षाची सूट मिळते, युरोपात सहसा नाही. त्यामुळे आधी अर्ज, मग नोंद.

मग जुनी वही कशाला जपायची? १६ मार्च २०१३ पासूनच्या अमेरिकी अर्जांना ‘आधी अर्ज करणारा’ हा नियम लागतो, पण त्यापूर्वीच्या अर्जांचे वाद अजून संपलेले नाहीत. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राच्या भांडणात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने मार्च २०१२ मधल्या वहीच्या नोंदीवर भर दिला होता, आणि मे २०२५ मध्ये फेडरल सर्किटने पेटंट मंडळाचा निर्णय अंशतः रद्द करून प्रकरण पुन्हा मंडळाकडे पाठवलं. नव्या अर्जांतही दुसऱ्याने तुमचं काम उचलून आधी अर्ज केला असा दावा करायचा असेल, तर त्याला ते तुमच्याकडूनच कळलं हे दाखवायला वही आणि ईमेल लागतात.

आणि हे सगळं करण्याआधी दावा कशावर आहे ते पाहा. मिरियड कंपनीच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर अमेरिकेत नैसर्गिक डीएनए नुसता वेगळा काढून पेटंट मिळत नाही. नैसर्गिक क्रमापासून वेगळा असलेला सीडीएनए (आरएनएवरून प्रयोगशाळेत बनवलेला डीएनए) मात्र पात्र ठरू शकतो. नैसर्गिक तुकड्यावरच दावा असेल, तर पहिला कोण हे सिद्ध करण्यावर पैसे घालवू नका.