कला आणि शहराचा अभ्यास ऑनलाइन नेताना: थेट वर्ग, रेकॉर्डिंग की घरचं काम?

अभ्यासक्रम ऑनलाइन न्यायचं ठरलं की विभागातली पहिली बैठक कोणतं ॲप घ्यायचं यावरच संपते. माझ्या मते तो प्रश्न शेवटचा आहे. आधी प्रत्येक तासाबद्दल विचारावं, की या तासाला विद्यार्थी नेमकं करत काय होता? ऐकत होता, बघत होता, हाताने काही घडवत होता, की चालत होता? ऐकणं सहज हलतं. बघणंही हलतं, पण त्याचं माप बिघडतं. हाताचं काम अर्धंमुर्धं हलतं. आणि चालणं, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं, पुष्कळदा वर्गापेक्षा बरं जमतं.

हातात पर्याय तीन असतात: सगळ्यांनी एका वेळी जमायचा थेट वर्ग, आपापल्या वेळी बघायचं रेकॉर्डिंग, आणि पडद्यापासून दूर करून फोटो किंवा टिपणाच्या रूपात पाठवायचं काम. बहुतेक जण पहिल्या दोघांमध्येच निवड करतात आणि तिसऱ्याला गृहपाठ समजून बाजूला ठेवतात. कला आणि शहर या दोन्ही विषयांत खरा जोर तिसऱ्यातच आहे.

हे काही नवं नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने, म्हणजे घरबसल्या शिकवणाऱ्या विद्यापीठाने, 1975 ते 1982 या काळात 1890 ते 1939 मधल्या वास्तुकलेचा आणि डिझाइनचा इतिहास टीव्ही, रेडिओ आणि छापील पुस्तिका यांच्या बळावर शिकवला. इमारतीतून फिरणं टीव्हीवर, बोलणं रेडिओवर, सावकाश वाचायचं ते कागदावर, अशी माध्यमांची कामं वाटलेली होती. आज आपण ही तिन्ही कामं एकाच व्हिडिओ कॉलच्या गळ्यात बांधतो आणि विद्यार्थी कॅमेरा बंद का ठेवतात म्हणून कुरकुरतो.

कलेचा इतिहास

हा सगळ्यात सोपा विषय, म्हणून आधी उरकून घेऊ. व्याख्यान रेकॉर्ड करावं, थेट वेळ प्रश्नांसाठी ठेवावी. पंधरा मिनिटांचे तुकडे केले तर पुढच्या वर्षी एखादा तुकडा बदलता येतो. दीड तासाचं सलग रेकॉर्डिंग मात्र एका चुकीपायी बाद होतं.

पडद्याचा फायदा तपशिलात. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ची 717 गिगापिक्सेलची, म्हणजे 717 अब्ज ठिपक्यांची, प्रतिमा ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाने 2022 मध्ये खुली केली. रंगाच्या थराला गेलेल्या केसासारख्या भेगा त्यात दिसतात. संग्रहालयात दोरीपलीकडे उभं राहून त्या कधीच दिसल्या नसत्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 मध्ये आपल्याकडच्या स्वामित्वहक्कमुक्त कलाकृतींच्या लाखो प्रतिमा कोणालाही वापरायला मोकळ्या केल्या. विसाव्या शतकातल्या चित्रांबाबत मात्र सावध राहा. बंद वर्गात दाखवलेली स्लाइड आणि कायम राहणारं रेकॉर्डिंग यांचे हक्क एकसारखे असतीलच असं नाही.

तोटा आकारात. ‘मोनालिसा’ 77 बाय 53 सेंटिमीटर, ‘नाइट वॉच’ जवळपास 380 बाय 454. फोनवर दोन्ही तळहाताएवढी. यावर थेट वर्गातही इलाज नाही आणि रेकॉर्डिंगमध्येही नाही, घरच्या कामात आहे. सुतळी घ्यायची, भिंतीवर किंवा जमिनीवर दोन्ही चौकटी मापाने आखायच्या, मोठीच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचा. बहुतेकांची भिंत पुरत नाही, चौकट छताला भिडते, आणि तिथेच धडा पोचतो.

आणखी एक. दोन चित्रं शेजारी ठेवून बोलण्याची आपली जुनी सवय मोठ्या पडद्यासाठी होती. फोनवर ती दोन पोस्टाची तिकिटं होतात. तिथे एकामागून एक दाखवा, किंवा दोन्ही फाइली आधीच पाठवून द्या.

स्टुडिओ: इथे घाई करू नका

रेखाटनाच्या वर्गात शिक्षक काय करतो? सांगतो थोडं, पण विद्यार्थ्याच्या पाठीमागे उभा राहून बघतो जास्त. हात कुठे अडखळला, कोणती रेघ तीनदा खोडली, कागदाच्या कोणत्या कोपऱ्यापासून सुरुवात झाली, हे त्याला न विचारता कळतं. ऑनलाइन गेल्यावर हाती येतं ते फक्त तयार झालेलं चित्र. चूक दिसते, ती कुठे सुरू झाली ते दिसत नाही.

थेट वर्गात सगळ्यांना कॅमेरा लावायला सांगणं हा पहिला सुचणारा उपाय. पण वीस चेहऱ्यांनी काही साधत नाही. कॅमेरा हातावर हवा, पुस्तकांच्या चळतीवर ठेवलेल्या फोनमधून खाली बघणारा. तसे वीस हात एकाच पडद्यावर आले की एकही नीट दिसत नाही. माझ्या अनुभवात याहून साधा उपाय चालला: एकाच रेखाटनाचे तीन फोटो, दहाव्या, तिसाव्या आणि साठाव्या मिनिटाला, कागदावर वेळ लिहून. या तीन फोटोंवरून दोन मिनिटांचा बोलका निरोप पाठवता येतो, की ‘दहाव्या मिनिटालाच खांदा वर गेलाय, पुढचं सगळं त्याच्यामागे फरफटलं.’ थेट तासापेक्षा हा निरोप विद्यार्थी जास्त वेळा ऐकतात, कारण तो त्यांचा एकट्याचा असतो.

मॉडेल पडद्यावर बसवून रेखाटन घेण्याच्या मी विरोधात आहे. कॅमेऱ्याच्या एका भिंगाने खोली आधीच सपाट केलेली असते. दोन डोळ्यांनी बघून तीन मितींचं दोन मितींत आणणं हेच तर शिकायचं होतं, आणि ते काम यंत्राने करून ठेवलं. त्यापेक्षा घरातली खुर्ची, स्वतःचा डावा हात, दाराच्या फटीतून दिसणारी दुसरी खोली घ्या. शरीररचनेसाठी अगदीच नाइलाज असेल तर पडदा, पण मग ‘आज आपण छायाचित्रावरून काढतोय’ असं मोकळेपणाने सांगा.

रंगाचं प्रकरण अधिक नाजूक. फोनचा कॅमेरा पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स), म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते, स्वतःच्या मनाने ठरवतो, रात्री पडदा पिवळसर होतो, आणि रंगद्रव्यांच्या काही छटा, विशेषतः गडद निळसर हिरव्या, साध्या पडद्याच्या आवाक्यातच नसतात. तेव्हा ‘हा लाल जरा भगव्याकडे झुकलाय’ अशी टीका पडदा बघून करू नका. तुम्ही कदाचित त्याच्या ट्यूबलाइटवर टीका करत असता. चौकटीत कोरा पांढरा कागद ठेवून, खिडकीच्या उजेडात फोटो काढायला सांगितलं की निम्मा घोळ मिटतो.

मात्र रंगांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास त्यातूनही बचावतो. चित्रकार आणि शिक्षक योसेफ आल्बर्स जर्मनीतल्या बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेतून अमेरिकेत गेले आणि पुढे येल विद्यापीठात रंग शिकवताना त्यांनी रंगाच्या ट्यूबऐवजी रंगीत कागदाचे तुकडे वापरले. एकच तुकडा दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर ठेवून तो दोन रंगांचा भासेल असं करा, अशा धाटणीचे त्यांचे सराव होते. अशा सरावात फोटोतले सगळे रंग बहुतांशी एकाच दिशेने सरकतात, त्यामुळे त्यांच्यातलं नातं बरंचसं शाबूत राहतं. रंगसिद्धान्ताचा विषय ऑनलाइन न्यायचा असेल तर तैलरंग सोडा, जुनी मासिकं आणि कात्री धरा.

मुद्राचित्रणात लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून घेतलेला ठसा, घरी होतो, छापायला यंत्र नसलं तरी चमच्याच्या पाठीने घासून ठसा उमटतो. तैलरंगाला टर्पेंटाइन लागतं आणि ज्या खोलीत झोपायचं तिथे त्याची वाफ नको. मातीकामात भट्टीशिवाय फक्त आकार घडवणं शिकवता येतं. झिलई आणि भाजणं पुढच्या सत्रावर ढकला. ढकलणं हाही एक निर्णय आहे, त्यात कमीपणा मानू नये.

टीकासत्र: बोलून की लिहून?

स्टुडिओच्या भिंतीवर वीस चित्रं टाचली की कोणी काही बोलायच्या आधीच अर्धी टीका होऊन जाते. आपलं चित्र शेजारच्यापेक्षा भित्रं आहे हे विद्यार्थ्याला दिसतं. थेट कॉलवर चित्रं एकेक करून येतात आणि ही भिंतच नाहीशी होते. शिवाय हिशोब मांडा: वीस जण, प्रत्येकी सहा मिनिटं, म्हणजे दोन तास. त्यातली एकशे चौदा मिनिटं प्रत्येक जण दुसऱ्याचं ऐकतोय.

म्हणून मी दोन्ही मिसळते. सगळी कामं आदल्या दिवशी एका सामायिक फलकावर, लहान आकारात, एकत्र. प्रत्येकाने दोघांच्या चित्रावर लिहायचं, ‘छान’ हा शब्द बंद. मग पाच-पाच जणांचे गट आणि प्रत्येक गटाला चाळीस मिनिटांची थेट वेळ. माझे तास वाढतात हे खरं. पण प्रत्यक्ष वर्गात सत्रभर तोंड न उघडणारी मुलं लिहिताना मात्र बोचरं आणि नेमकं लिहितात.

शहराचा अभ्यास: एकच शहर की प्रत्येकाची गल्ली?

प्रत्यक्ष क्षेत्रभेटीत तीसजणांचा घोळका एका प्राध्यापकामागे चालतो. पुढच्या पाचांना ऐकू जातं, मागचे गप्पा मारतात. हे सोडावं लागतं म्हणून फार हळहळू नये. तिच्या जागी दोन वाटा आहेत.

पहिली वाट, सगळ्यांनी पडद्यावर एकच शहर बघायचं. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे गाडीवरच्या कॅमेऱ्याने टिपलेली रस्त्यांची दृश्यं, 2007 पासून आहे, आणि 2014 पासून त्याच जागेची जुनी दृश्यंही बघता येतात. एकाच नाक्यावर दुकानांच्या पाट्या, झाडं, पदपथ कसे बदलले हे शिकवायला याच्याइतकं सोयीचं साधन दुसरं नाही. सगळ्यांसमोर एकच पुरावा असल्यामुळे वादही चांगला रंगतो. पण ते शहर बहुधा दिवसाउजेडीचं, मुकं आणि गाडीच्या टपावरून पाहिलेलं असतं. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांहून उंचावर, चेहरे पुसट, गाडी जात नाही त्या बोळांचा पत्ता नाही. रात्र तर नाहीच, आणि शहराचा निम्मा अभ्यास रात्रीचा आहे.

दुसरी वाट, प्रत्येकाने आपल्या घराभोवतीचा अर्धा किलोमीटर अभ्यासायचा. विद्यार्थी चार दिशांना विखुरलेले असणं हा ऑनलाइन वर्गाचा दोष इथे भांडवल होतो. अमेरिकन नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांना त्यांचं शहर आठवणीने कागदावर काढायला लावलं होतं आणि 1960 मध्ये त्यातून पाच घटक मांडले: वाटा, कडा, विभाग, संगमस्थळं आणि ठळक खुणा. हाच सराव पहिल्या आठवड्यात द्या. आधी आठवणीने नकाशा, मग चालून आल्यावर दुसरा, मग ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या ऑनलाइन नकाशावरचा तिसरा. तिन्ही शेजारी ठेवले की कोणाच्या आठवणीतून नदी गळालेली असते, कोणी स्वतःच्या शाळेचा रस्ता दुप्पट लांब काढलेला असतो. थेट वर्ग याच बोलण्यासाठी राखावा.

दुसरा सराव अमेरिकन शहर-अभ्यासक विल्यम व्हाइट यांच्या पद्धतीचा. न्यूयॉर्कमधल्या चौकांत कॅमेरे लावून लोक कुठे बसतात ते त्यांनी मोजलं, आणि निष्कर्ष हसू येईल इतका साधा निघाला: बसायला जागा असते तिथे लोक बसतात. विद्यार्थ्याने एका जागी वीस मिनिटं थांबून मोजावं, की किती जण थांबले, कुठे टेकले, सावली कुठे होती. तीस ठिकाणचे असे तीस तक्ते एकत्र आले की एका क्षेत्रभेटीतून कधीच न मिळालेली तुलना हाती लागते. आणि तारीख, वेळ, जागेसह लिहिलेली निरीक्षणं यंत्राकडून लिहवून घेणं निबंधापेक्षा अवघड जातं, हा वरचा फायदा.

दोन्हींत निवड करायची झाली तर मी दुसरी वाट घेईन आणि पहिली शहरांच्या तुलनेपुरती वापरेन. एक अट मात्र पक्की: बाहेर पडणं सक्तीचं नको. कोणाला एकटीने फिरणं सुरक्षित वाटत नाही, कोणाला चालता येत नाही, कोणाची वस्ती परक्या कॅमेऱ्याकडे संशयाने बघते. खिडकी, गच्ची किंवा जिना यांतून केलेल्या पाहणीला तेवढेच गुण ठेवा. अनोळखी माणसांचे ओळखू येतील असे चेहरे जमा करायला लावू नका, रेखाटन पुरतं.

चालताना व्हिडिओ कॉल हा प्रकार तर पूर्ण टाळा. तासभराच्या व्हिडिओला दर्जानुसार अर्धा ते दोन जीबी डेटा लागतो, नुसत्या आवाजाला तीसेक एमबी. सूचना आवाजाच्या फाइलमध्ये द्या आणि दर सूचनेच्या शेवटी ‘आता थांबा, कानातलं काढा, मग पुढे चला’ असं बजावा. रस्ता ओलांडताना कोणी माझं बोलणं ऐकत असावं अशी माझी इच्छा नाही.

तयारीला दोनच आठवडे असतील तर

व्याख्यानं रेकॉर्ड करत बसू नका. सोपं वाटलं तरी पंधरा मिनिटांचं बरं रेकॉर्डिंग अर्धा दिवस खातं. ती व्याख्यानं सध्या थेटच द्या, छोटी ठेवा, आणि वाचलेली मेहनत घरच्या कामांच्या सूचना लिहिण्यात घाला. वर्गात तोंडी सांगितलेली ढिसाळ सूचना चालून जाते, कारण समोरचा लगेच विचारतो. लिहून पाठवलेल्या ढिसाळ सूचनेतून तीस वेगवेगळी कामं परत येतात. पूर्ण सत्राचा अवधी असेल तर इतिहासाचे तुकडे आणि अवजारं धरण्याची प्रात्यक्षिकं रेकॉर्ड करा, ती पाच वर्षं टिकतील. शहराची उदाहरणं करू नका, ती वर्षभरात शिळी होतात.

आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून एक फोटो मागवा: जिथे बसून काम करणार त्या टेबलाचा, किंवा जमिनीचा, उजेड कुठून येतो ते दिसेल असा. पहिल्या वर्षी मी तो मागवला नव्हता. अर्ध्या सत्रानंतर कळलं की एक मुलगी पलंगावर, मांडीवर पाट ठेवून ए-2 कागदावर चित्रं काढत होती आणि मी तिच्या तिरक्या रेघांवर गुण कापत होते.