आफ्रिकन ग्रेचं पिल्लू, पाच पेमेंट आणि ४९,७०० रुपये

इन्स्टाग्रामवरच्या एका पेजने आफ्रिकन ग्रे पोपटाच्या पिल्लाच्या नावाखाली आमच्या घरचे ४९,७०० रुपये खाल्ले. पिल्लू आलं नाही, पैसेही परत मिळाले नाहीत. नागपुरात आणखी कितीतरी लोक लाजेपोटी गप्प असतील, म्हणून रकमेसकट लिहितो.

पिल्लाची किंमत २४,००० ठरली. बुकिंगचे ५,००० आधी, बाकी पिल्लू हातात आल्यावर. मग विमानभाडं ६,५००. मग गारव्याच्या पेटीचं डिपॉझिट ७,८००, पेटी परत केली की परत मिळणार म्हणे. मग वन विभागाच्या एनओसीचे १२,४००. शेवटी फोन आला, "भाऊ, पक्षी सोनेगावला विमानतळावर अडकलाय, आज भरले नाहीत तर तुमच्या नावावर केस लागते." त्याचे १८,०००. दर वेळी यूपीआयवर नाव वेगळं.

कोणी म्हणेल, स्वस्ताचा मोह. मोह नव्हता. पेजला लाखावर फॉलोअर, रोज नवी रील, खाली 'कुठे मिळेल', 'रेट सांगा' अशा शेकडो कमेंट. हे भामटे गिऱ्हाईक त्या कमेंटमधूनच उचलतात. तुम्ही 'प्राइस?' लिहिलं की थोड्याच वेळात मेसेज येतो. त्यामुळे कमेंटमध्ये भाव विचारूच नका.

रीलमध्ये पोपट नाव घेतो, खांद्यावर बसतो. तो चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो आणि एकटा पडला की स्वतःची पिसं उपटतो, हे रील सांगत नाही. स्लो लोरिस या मोठ्या डोळ्यांच्या, माकडासारख्या छोट्या जनावराला गुदगुल्या करतानाचे व्हिडिओ लोक गोड म्हणून पुढे पाठवतात. ते जनावर घाबरून हात वर करतं, कारण त्याची विषग्रंथी कोपराजवळ असते. असल्या व्हिडिओंवरच्या लाइकमधून मागणी तयार होते आणि मागणीतून हा धंदा.

आता ती रिंग. आठवलं की अजून अंगाची लाही होते. एनओसीच्या आधी 'प्रमाणपत्र' आलं, त्यावर बंद रिंगचा, म्हणजे ओळखीसाठी पक्ष्याच्या पायात घालतात त्या अखंड कड्याचा नंबर. त्याच दिवशीच्या व्हिडिओत पंखांवर पिसं आलेलं मोठं पिल्लू वजनकाट्यावर बसलेलं, दोन्ही पाय स्वच्छ दिसणारे आणि पायात काहीच नाही. बंद रिंग पिल्लू लहान असतानाच, पंजा तिच्यातून जातो तेवढ्याच दिवसांत घालतात. पाय वाढला की ती चढत नाही. म्हणजे त्या पिल्लाला तो नंबर असूच शकत नव्हता. तोवर १९,३०० गेले होते, पुढचे ३०,४०० तिथेच वाचले असते. पण समोरचा माणूस मिनिटामिनिटाला 'फ्लाइट निघतेय' म्हणत असताना कोण पाय बघत बसतो? घाई करतात ती यासाठीच.

खरा ब्रीडर आधी तुम्हालाच प्रश्न विचारतो: हाताने भरवता येतं का, पक्ष्यांचा डॉक्टर जवळ आहे का. पिल्लाला भरवायचं पातळ खाणं साधारण ४० अंशांवर द्यावं लागतं. जास्त गरम असलं तर गळ्याजवळची अन्नाची पिशवी भाजते, गार असलं तर आत आंबतं. यातलं काहीच न विचारता, मे महिन्यात, नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असताना 'उद्या पाठवतो' म्हणणाऱ्याकडे पिल्लूच नसतं.

कायदाही नीट समजून घ्या. आफ्रिकन ग्रे २०१७ पासून साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची नोंदणी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणाऱ्याकडे स्वतःची नोंदणी हवी, तीच आधी मागा. सरकारी फी कोणा खासगी माणसाच्या यूपीआयवर जात नाही. आणि आपला देशी पोपट किंवा चांदणी कासव कोणी 'कागदांसह' देत असेल, तर ते पाळणंच गुन्हा आहे.

तक्रारीचं काय सांगावं! ठाण्यात पहिला प्रश्न, "असला पोपट पाहिजेच कशाला?" दुसरा सल्ला, खातं परराज्यातलं आहे, तिकडे जा. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकला. वन कार्यालयात म्हणाले, पक्षीच नाही तर आम्ही काय करणार? वर दबक्या आवाजात सूचना, जास्त ताणू नका, तुमच्यावरच शेकेल. प्रत्येक टेबलावर अर्ज नव्याने लिहायचा, स्क्रीनशॉट नव्याने छापायचे, आणि साहेब बंदोबस्तावर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जायला मिनिटं लागतात, आणि इथे पोचपावतीवर शिक्का मारायला माणूस सापडत नाही. लुटलेल्या माणसालाच आरोपीसारखं उभं करायचं, ही कुठली रीत? हद्दीचं कारण तर सरळ खोटं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही माहिती नोंदवून घ्यावी लागते. कलमाचा आकडा अर्जातच लिहा.

पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. प्रत्येक पेमेंटचा यूटीआर (व्यवहाराचा) नंबर वेगळा द्या. चॅट पुसू नका, पेज ब्लॉक करण्याआधी प्रोफाइलची लिंक आणि 'अकाउंटविषयी' मधली माहिती टिपून ठेवा. पेज कधी सुरू झालं, नाव कितीदा बदललं, हे तिथे दिसू शकतं. आणि पैसे सोडवून देतो म्हणून कोणी १,५०० मागितले, तर एक रुपयाही देऊ नका. ते याच टोळीतले असू शकतात.