हायलक्स घ्यायला निघालो होतो, शेवटी ट्रेलरला ब्रेक बसवले

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू टोयोटा हायलक्स या पिकअपचा आहे पण मी हायलक्स घेतलेली नाही. मामेभावाची ऑटोमॅटिक हायलक्स चार दिवस आणली, मागे आमचा कॅम्पर ट्रेलर जोडला, नाशिक ते रेवदंडा आणि परत असा पाचेकशे किलोमीटरचा फेरा मारला आणि टाकी फुल करून त्याला परत दिली. शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये मागे ट्रेलर कुणी लावू देत नाही, त्यामुळे हे लिहून ठेवावं म्हटलं, आपल्याकडे ट्रेलर ओढणारी माणसं आहेतच किती.

आमची गाडी म्हणजे जुनी डबल कॅब पिकअप, २.२ लिटर डिझेल, १२० हॉर्सपॉवर. मखमलाबादला बाग आहे, सीझनमध्ये हौद्यात द्राक्षाचे क्रेट, औषधं, पाइप, आणि मार्चमध्ये माल निघाला की हीच गाडी मागे ट्रेलर लावून आम्हाला फिरायला घेऊन जाते. ट्रेलर एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला, नाव घेत नाही, काम दिसायला चकाचक आहे. लोखंडी चॅनेलची चेसिस, एक ॲक्सल, आत चार माणसांची झोपायची सोय, मागच्या बाजूला किचन, खाली शंभर लिटरची पाण्याची टाकी. घेताना विचारलं वजन किती, तर म्हणाला "दादा, सातशे-साडेसातशे, टेन्शनच घेऊ नका." मी पण घेतलं नाही. ट्रेलरचं रजिस्ट्रेशन वेगळं, नंबरप्लेट वेगळी, ते सगळं रीतसर झालं आणि वजनाचा विषय माझ्या डोक्यातून गेला तो गेलाच.

मग डिसेंबरमध्ये कसारा घाट. उतारावर पुढे कंटेनर, मी तिसऱ्यात, पाय ब्रेकवर, आणि मागून ट्रेलर असा ढकलतोय जसा लग्नाच्या पंगतीत मागचा माणूस ढकलतो. त्या घाटात एका ठिकाणाला लोक ब्रेक फेल पॉइंटच म्हणतात, त्याच्या अलीकडे मागच्या सीटवरून आई म्हणाली, "गाडी वास मारतीय रे." ब्रेकचा वास. खाली उतरून अर्धा तास गाडी गार केली, चहा घेतला, चहाची चव काही लागली नाही. तिथून पुढे शहापूरकडे सपाटीवर ऐंशीला असताना शेजारून ट्रक गेला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला, डावी उजवी डावी उजवी, तीन-चार झोके. मी घाबरून ब्रेक मारला नाही हे नशीब, नुसता ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, हळूहळू थांबलं. बायको त्यानंतर रेवदंड्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. रात्री म्हणाली, गाडी बदल नाहीतर हे फिरणं बंद.

त्यामुळे हायलक्स.

आता गाडीबद्दल. २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस (हॉर्सपॉवरच समजा), ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, मॅन्युअलला ४२०. कागदावर वाचून काही कळत नाही, येताना कसारा चढताना कळलं. आमच्या जुन्या गाडीला चढावर ट्रकच्या मागे थांबून परत उचलायचं म्हणजे हाफ क्लच, इंजिन ओरडतंय, क्लचचा वास, मागचा हॉर्न मारतोय. हायलक्समध्ये पाय ठेवला की गाडी निघाली, विषय संपला. टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचच्या जागी तेलातून जोर पोचवणारा, असल्यामुळे क्लच जाळायचा प्रश्नच नाही आणि घाटात लोड घेऊन थांबत थांबत चढायचं असेल तर हा फरक दोनशे हॉर्सपॉवरपेक्षा मोठा आहे असं माझं मत झालंय. साठच्या स्पीडने घाट चढली, एसी चालू, आई मागे झोपलेली. मायलेज ट्रेलरसकट आठच्या आसपास पडलं, आमच्या जुनीला पण तेवढंच पडतं, म्हणजे तिथे ना फायदा ना तोटा.

ट्रेलर मागे असला की सस्पेन्शन पण मस्त बसतं. रिकामी असताना मागची पाटा स्प्रिंग खड्ड्यात उडते, पण ते कुठल्याही पिकअपचं असतंच, पिकअप घेऊन सोफ्याची अपेक्षा करू नये. लांबी मात्र ५३२५ मिलिमीटर, आणि मागे ट्रेलर म्हणजे जवळजवळ बसच. द्वारका चौकातून संध्याकाळी सहाला काढली तेव्हा सिग्नल ओलांडेपर्यंत पाठ घामाने भिजली, आणि मिसळ खायला थांबायचं तर पार्किंग बघूनच हॉटेल निवडायचं, चव बघून नाही. नाशिककराला याच्याहून मोठी शिक्षा काय असणार.

पण खरी गोष्ट चढताना नाही, जाताना उतरताना कळली होती. तोच घाट, तोच ट्रेलर, फक्त ओढणारी गाडी नवी. गिअर लिव्हर एसमध्ये, म्हणजे गिअर आपण ठरवायच्या मोडमध्ये टाकून खालच्या गिअरमध्ये धरली, इंजिनने बऱ्यापैकी रोखली, ब्रेकचा वास आला नाही. पण ढकलणं? तस्सं. ब्रेक दाबला की पाठीत तोच धक्का. खाली सपाटीवर पंच्याहत्तरच्या पुढे गेलं की तीच शेपूट, झोका लहान, कारण पुढची गाडी जड, पण झोका आहेच. तेव्हा डोक्यात आलं की तीस लाखाच्या वरची गाडी घेऊन मी दुखणं कमी करतोय, बरं करत नाहीये.

रेवदंड्याला रात्री मोबाइलवर बसलो. ऑस्ट्रेलियात ही गाडी ट्रेलर ओढायला भरपूर वापरतात, तिथे हायलक्सची ओढायची मर्यादा ३५०० किलो दिलेली आहे, पण ती ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला मर्यादा ७५० किलो. हीच गाडी, हेच इंजिन, हाच पाचशेचा टॉर्क आणि ७५० किलो! युरोपातही हाच आकडा, ७५० किलोच्या वर गेलात की ट्रेलरला ब्रेक पाहिजेतच. म्हणजे माझ्या ट्रेलरचं वजन त्याच्या वर असेल तर मी टँक जरी घेतला तरी ब्रेक लागणारच होते. आणि आमच्या ट्रेलरला ब्रेक होते का? नव्हते. फॅब्रिकेटर म्हणाला होता "एवढ्याशाला कशाला ब्रेक."

परत आल्यावर पहिलं काम, ट्रेलर वजनकाट्यावर. पिंपळगावला टोमॅटोच्या गाड्या काट्यावर लागलेल्या, त्या रांगेत मी ट्रेलर घेऊन उभा, काटेवाला विचारतो "काय भरलंय शेठ?" म्हटलं गादी. हायलक्स सोडवून पुढे घेतली, एकटा ट्रेलर जॅकवर काट्यावर ठेवला, पाण्याची टाकी फुल, सिलिंडर, फ्रिज, खुर्च्या, जसं आम्ही जातो तसं. पावती हातात आली, १२१० किलो. मी म्हटलं परत करा. परत १२१०. काटेवाला म्हणाला "गादी जड आहे."

घरी येऊन दुसरं माप घेतलं, ते काट्यापेक्षाही महत्त्वाचं निघालं. ट्रेलरचं नाक, म्हणजे जो भाग गाडीच्या मागच्या बॉलवर (ट्रेलर अडकवायच्या लोखंडी गोळ्यावर) बसतो, त्याच्यावर किती वजन पडतंय ते. याला वेगळं मशीन लागत नाही, बाथरूममधला वजनकाटा, त्यावर फळीचा तुकडा, त्यावर बॉलच्याच उंचीचा लाकडी ठोकळा आणि त्यावर नाक टेकवायचं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के नाकावर पाहिजे, म्हणजे आमच्या केसमध्ये १२०च्या आसपास. आमचा काटा दाखवतोय ४५. चार टक्के पण नाही! टाकी मागे, किचन मागे, सिलिंडर मागे, सगळा संसार ॲक्सलच्या मागे आणि नाक हलकं, मग शेपूट हलणार नाही तर काय होणार. फॅब्रिकेटरने डिझाइन करताना पाहुण्यांना किचन कुठून छान दिसेल ते बघितलं, वजन कुठे बसेल ते नाही.

मग सातपूरच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ट्रेलर दोन आठवडे उभा केला. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे आणली, बॅटरी आणि सिलिंडर पार नाकाजवळच्या पेटीत, परत बाथरूमचा काटा लावला तर ११५. आणि ओव्हररन ब्रेक बसवले. हे म्हणजे गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे ढकलतो, त्या ढकलण्यानेच नाकातला दांडा आत जातो आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात, गाडीतून वायर ओढायची गरज नाही. जो धक्का माझ्या पाठीत बसत होता तोच आता ब्रेक लावतो, कल्पना आवडली मला. ॲक्सल, कपलिंग, टाकीचं काम, वेल्डिंग, रंग मिळून ८२ हजार गेले. एक तोटा, रिव्हर्स घेताना पण दांडा आत जातो आणि ब्रेक लागतात, त्यासाठी लॉक असतो तो आधी लावायचा. भंडारदऱ्याला मी विसरलो, चढावर रिव्हर्स घेतोय, गाडी जागची हलत नाही, शेजारच्या तंबूतली पोरं बघतायत, आणि मी गाडीला शिव्या देतोय.

या सगळ्यानंतर जुनीच गाडी, तोच ट्रेलर, परत मुद्दाम कसारा उतरलो, यावेळी आईला घरी ठेवून. ब्रेकचा वास नाही, ढकलणं जवळपास संपलं, ऐंशीला ट्रक शेजारून गेला तेव्हा ट्रेलर थोडा थरथरला आणि गप्प बसला. बायको मोबाइल बघत होती, तिला कळलं पण नाही. चढताना मात्र जुनी गाडी ती जुनीच, क्लचचा वास आला, आता मुंबईकडे जायचं तर इगतपुरीवरून समृद्धीला लागतो. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून निघतो आणि कसारा टळतो.

मग हायलक्स कुणी घ्यावी? ज्याचा ट्रेलर ब्रेकवाला आहे, वजन दीड टनाच्या पुढे आहे आणि जो महिन्यातून दोनदा घाट चढतो त्याने डोळे झाकून घ्यावी, ऑटोमॅटिकच घ्यावी. बजेट तेवढं नसेल तर इसुझू व्ही-क्रॉस बघा, १.९ लिटर, १६३ पीएस, ३६० न्यूटन मीटर, ती पण मी एक दिवस चालवली पण ट्रेलरशिवाय, त्यामुळे जास्त बोलत नाही. आमच्यासारखं वर्षातून चार-पाच ट्रिपा असतील तर आधी काट्यावर जा, शंभर रुपयांची पावती घ्या आणि मग शोरूमला फोन करा. माझ्या जुनीचा क्लच कधीतरी जाणार आहे, तो गेला की परत विचार करीन, बायकोला तसं सांगून ठेवलंय.

बाकी एक राहिलं. हायलक्सला लावलेला ५० मिलिमीटरचा बॉल माझा होता, तो काढून आणायचा राहिलाय आणि मामेभाऊ आता म्हणतोय राहू दे, मे महिन्यात तुझा ट्रेलर मीच नेतो महाबळेश्वरला. त्याला रिव्हर्सच्या लॉकचं अजून सांगितलेलं नाही.