पिरान्हाचं खाद्य: पाकिटातली गोळी, गोठवलेली मासळी की बाजारातली चिलापी?

हिकारी कंपनीचं ‘मॅसिव्होअर डिलाइट’ हे बुडणाऱ्या गोळ्यांचं पाकीट मोठे मांसाहारी मासे पाळणाऱ्यांकडे हमखास सापडतं. किंमत ऐकून नवखा माणूस दोन पावलं मागे सरतो आणि त्याच पैशात किलोभर मासळी येईल असा हिशोब मांडतो. आमचं मत आधीच सांगून टाकतो. गोळी घ्यावी, पण सगळी टाकी तिच्यावर चालवू नये. जोडीला मासळी बाजारातली चिलापी (तिलापिया) असावी. गोठवलेली छोटी पाकिटं सोयीची असली तरी महाग पडतात, आणि जिवंत गोल्डफिशवर घातलेला पैसा सरळ पाण्यात जातो.

किमतीचा हिशोब लोक इथेच चुकतात. कोरड्या गोळीत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असतं. ताज्या पांढऱ्या मासळीत ते पाऊणशे टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे 1 ग्रॅम गोळी ही ढोबळमानाने 4 ग्रॅम मासळीच्या बरोबरीची. गोळीच्या किलोच्या भावाला चारने भागून तुलना केली की ती तितकी महाग वाटत नाही. शिवाय तिच्यात जीवनसत्त्वं मिसळलेली असतात. नुसत्या फिलेटमध्ये काटा नाही, यकृत नाही, खवले नाहीत, त्यामुळे कॅल्शियम आणि अ, ड जीवनसत्त्वांची बाजू लंगडीच राहते. जंगलातला पिरान्हा फक्त मांसाचे लचके तोडून जगत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या लाल पोटाच्या पिरान्हाच्या पोटात मासे आणि माशांचे पर तर सापडतातच, पण किडे, कोळंबीवर्गातले जीव, बिया आणि पाल्याचे तुकडेही सापडतात. चौरस आहार हवा तो यासाठी.

आता गोळीच्या उणिवा. पहिली उणीव आकाराची. मोठी गोळी 15 सेंटिमीटरच्या खालच्या माशाला एका घासात जात नाही. पिरान्हा ती दातांनी फोडतो, अर्धी गिळतो आणि उरलेल्याचा भुगा तळाशी पडतो. म्हणून त्याहून लहान माशांसाठी छोट्या आकाराची बुडणारी गोळी घ्यावी. दुसरी उणीव बुडण्याची. तळाला जाड खडे असतील तर गोळी फटीत जाऊन बसते, मासा तिथे तोंड घालत नाही, आणि दोन दिवसांनी ती कुजून पाण्यात विषारी अमोनिया वाढला की माणूस फिल्टरला दोष देत बसतो. एका कोपऱ्यातले खडे हटवून तिथे बारीक वाळूचा पातळ थर द्यावा किंवा काचेची उथळ बशी ठेवावी, आणि खाद्य रोज तिथेच टाकावं. आठवड्याभरात मासे बशीवर यायला लागतात. तिसरी गोष्ट भिजवण्याची. गोळी मिनिटभर पाण्यात बुडवली की पुरे. पाच मिनिटं भिजवली तर पहिल्याच चाव्याला तिचा लगदा होतो आणि टाकी गढूळ होते.

पाकीट फोडल्यावर त्यातलं तेल हवेने खवट होत जातं आणि क जीवनसत्त्व उडत जातं. म्हणून मोठं पाकीट स्वस्त पडतं या मोहात पडू नये. तीन महिन्यांत संपेल तेवढंच घ्यावं. महिन्यापुरतं बरणीत काढून बाकीचं हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावं. टाकीच्या झाकणावर, दिव्याच्या उबेला पाकीट ठेवण्याची सवय फार लोकांना असते. खाद्य खराब करायचा त्याहून सोपा मार्ग नाही. वास घेऊन पाहावा: सुक्या मासळीचा वास ठीक, जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास आला तर फेकून द्यावं.

मांसावर वाढलेला मासा गोळीला तोंड लावत नाही ही तक्रार सर्रास ऐकू येते. तोंड न लावण्याचं कारण चवीपेक्षा सवयीत आहे. निरोगी, 12 सेंटिमीटरच्या वरचा मासा असेल तर तीन दिवस काहीही देऊ नये. चौथ्या दिवशी संध्याकाळी, टाकीचा दिवा मालवून, चिलापीच्या पातळ पट्टीत गोळी गुंडाळून द्यावी. आठवडाभर असंच चालू ठेवावं आणि पट्टी दरवेळी लहान करत जावी. पुढच्या आठवड्यात गोळी नुसती कोळंबीच्या पाण्यात बुचकळून टाकावी. बहुतेक मासे दोन ते तीन आठवड्यांत वळतात. गटातला एक खायला लागला की बाकीचे त्याचं पाहून खातात, त्यामुळे सगळ्यांत धीट मासा कोणता ते हेरून त्याच्यासमोर पहिली गोळी टाकावी. पिल्लांना मात्र असा उपास घालू नये. भुकेली पिल्लं एकमेकांचे पर आणि शेपट्या कुरतडतात.

मासळीत आमची पहिली पसंती चिलापीला. स्वस्त, वर्षभर मिळणारी, चरबी बेताची. मुख्य म्हणजे तिच्यात थायमिनेज नाही. थायमिनेज हा जीवनसत्त्व ब1 मोडणारा पदार्थ. तो गोल्डफिशसकट कार्पच्या कुळातल्या बऱ्याच माशांत असतो, शिंपल्यांत असतो, काही कोळंबीतही असतो. गोठवल्याने तो जात नाही, शिजवल्यावरच जातो. अशा एकाच मालावर मासा महिनोन्‌महिने ठेवला की आधी भूक मंदावते, मग पोहताना तोल जातो, गिरक्या घेतो, आणि तेव्हा लोक औषधं शोधत फिरतात. म्हणून कोळंबी आणि तिसऱ्या (शिंपले) या आठवड्यातून एखाद्या वेळेपुरत्या ठेवाव्या. कोळंबीचं कवच काढू नये. टरफलातल्या रंगद्रव्यामुळे पोटाचा लाल रंग उठून येतो आणि दातांनाही काम मिळतं.

चिलापी घेताना पाठीच्या पराचे काटे कात्रीने बुडापासून कापावेत, ते टाळूत घुसतात. हाताच्या बोटाएवढी पिल्लं मिळाली तर पोट साफ न करता अख्खी द्यावीत, काटा-यकृतासकट सगळं पोटात जातं. पण आधी घरच्या डीप फ्रीजरमध्ये निदान आठवडाभर ठेवून, मगच. परोपजीवी मरायला तेवढा अवधी लागतो. मुडदुशी आणि ढोमाही चालतात, मांस पांढरं आणि घट्ट असतं. बांगडा आणि तारली तेलकट, त्यामुळे पाण्यावर तवंग येतो आणि पृष्ठभागावरून हवा मिसळणं कमी होतं. महिन्यातून एकदा ठीक. बोंबील मात्र आणूच नये. त्यात इतकं पाणी असतं की टाकीत पडल्याबरोबर त्याचे धागे होतात आणि ते फिल्टरच्या तोंडावर जाऊन चिकटतात. खारवलेली सुकी मासळी नको. बिनमिठाचा सुका जवळा चालतो, पण चार पाण्यांतून वाळू काढून आणि दहा मिनिटं भिजवून. कोरडा टाकला तर तो तरंगतो आणि मासा त्याच्याबरोबर हवा गिळतो. दुकानात मिळणाऱ्या, गोठवून सुकवलेल्या क्रिललाही (कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव) हाच नियम लागू.

मत्स्यालयाच्या दुकानातली गोठवलेली पाकिटं, म्हणजे सिल्व्हरसाइड आणि लान्सफिश हे छोटे मासे, क्रिल, शिंपल्याचं मांस, ही ब्रिटन-अमेरिकेत सहज मिळतात. तिथल्या मराठी मंडळींना मासळी बाजार हाताशी नसेल तर ती बरी. (अमेरिकेत आधी राज्याचा नियम पाहावा. कॅलिफोर्निया, टेक्सस आणि फ्लोरिडात पिरान्हा पाळणं बेकायदा आहे.) पाकीट घेताना आत बर्फाचे मोठे स्फटिक दिसले किंवा सगळा माल एका बाजूला सरकून गोठलेला असला तर समजावं की तो मध्ये कुठेतरी वितळला होता. तसं पाकीट परत ठेवावं. वितळवायचं ते गाळणीत, फ्रिजमध्ये, आणि खाली गळलेलं पाणी बेसिनमध्ये. ते लालसर पाणी ‘वास लागावा’ म्हणून टाकीत ओतणारे आहेत. त्याने माशाला काही मिळत नाही, शेवाळाला मात्र मेजवानी होते.

गाई-म्हशीचं काळीज (म्हणजे हृदय), मटण, कोंबडी याबद्दल मतं भिन्न आहेत. आमचं मत स्पष्ट आहे. या प्राण्यांची चरबी टाकीच्या 26–27 अंशांना घट्ट किंवा अर्धघट्टच राहते, माशाला ती नीट पचत नाही, आणि रोज दिली तर यकृतावर साठते. सगळी चरबी आणि नसा कापलेलं काळीज महिन्यातून एकदा दिलं तर बिघडत नाही. त्यापुढे गरज नाही.

जिवंत मासे टाकून पाहुण्यांना तमाशा दाखवायचा असेल तर त्याची किंमत समजून घ्यावी. खाद्य म्हणून विकले जाणारे गोल्डफिश दुकानात गर्दीच्या टाक्यांत ठेवलेले असतात. त्यांच्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येतो, अँकर वर्म हा अंगात रुतून बसणारा परोपजीवी येतो, वर थायमिनेज आहेच. पिरान्ह्याला हे कवतिक लागतही नाही. तो एरवी भित्रा मासा आहे, कळपात राहतो ते शिकारीपेक्षा स्वतःच्या बचावासाठी. टाकीला धक्का लागला तरी कोपऱ्यात जाऊन थरथरतो. जिवंत काही द्यायचंच असेल तर गांडुळं द्यावीत. फवारणी न झालेल्या मातीतली, एक दिवस ओल्या कागदात ठेवून पोट रिकामं केलेली. त्यांची किंमत शून्य आणि ती खायला नकार देणारा पिरान्हा विरळाच.

घरी खाद्य बनवायचं असेल तर जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरावं, कारण टाकीच्या कोमट पाण्यात जिलेटिन मऊ पडतं. 500 ग्रॅम चिलापी, सालासकट 150 ग्रॅम कोळंबी आणि 100 ग्रॅम उकडून साल काढलेले मटार मिक्सरमधून जाडसर काढावेत. 10 ग्रॅम चायना ग्रासची पूड 350 मिलिलिटर पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळून पूर्ण विरघळवावी. ती 50 अंशांच्या आसपास येऊ द्यावी, म्हणजे भांड्याला बोट लावता येतं पण टेकवून ठेवता येत नाही. मग त्यात लगदा कालवावा. लगदा फ्रिजमधून काढलेला थंड असेल तर चायना ग्रास लागलीच गोठतं आणि गाठी होतात. तो खोलीच्या तापमानाला आणून ठेवावा. जीवनसत्त्वांचे थेंब घालायचे असतील तर सगळ्यांत शेवटी. झिपच्या पिशवीत एक सेंटिमीटर जाडीचा थर पसरून, वरून सुरीच्या पाठीने चौकोन आखून गोठवावा. दोन महिने टिकतो, लागेल तेवढे चौकोन मोडून घ्यावेत.

किती द्यायचं? 5 सेंटिमीटरच्या आतल्या पिल्लांना दिवसातून तीनदा, थोडं थोडं. 5 ते 12 सेंटिमीटरला दिवसातून एकदा. त्यापुढे एक दिवसाआड. 15 सेंटिमीटरचा मासा साधारण 100 ग्रॅमचा धरला तर एका वेळेला दीड-दोन ग्रॅम गोळी किंवा सहा ते आठ ग्रॅम मासळी पुरते. तुकडे माशांच्या संख्येपेक्षा दोन जास्त असावेत आणि सगळे एकदम टाकावेत. एकेक तुकडा टाकत बसलं की सगळे एकाच घासावर तुटून पडतात आणि चावाचावी तिथूनच सुरू होते. दहा मिनिटांनी उरलेलं चिमट्याने काढावं, भुगा सायफनने ओढावा. चिमटा निदान 30 सेंटिमीटरचा हवा. हात घालून खाऊ घालण्याची हौस नको, विशेषतः पाणी बदललेल्या दिवशी, कारण तेव्हा मासे बिथरलेले असतात.

सगळ्यांत शेवटी एक तपासणी, जी खरं तर खाद्य विकत घेण्याआधी करायची. आपल्याकडच्या दुकानांत ‘पिरान्हा’ म्हणून विकली जाणारी लाल पोटाची पिल्लं बरेचदा पाकू असतात. मासळी बाजारात रूपचंद म्हणून मिळतो तोच हा मासा. तोंड नीट पाहावं. पिरान्ह्याचा खालचा जबडा पुढे आलेला असतो आणि दात त्रिकोणी, वस्तऱ्यासारखे असतात. पाकूचे दात चौकोनी, जवळपास माणसाच्या दाढांसारखे. पाकू मुख्यतः फळं आणि बिया खाणारा आहे. त्याला वर सांगितलेल्या मांसाहारी गोळ्या रोज घातल्या तर पैसेही जातात आणि मासाही चरबीने फुगतो. त्याच्यासाठी वनस्पतीचा अंश जास्त असलेली तरंगती गोळी, उकडलेले मटार, पालक आणि काकडी पुरे, वर अधूनमधून मूठभर भिजवलेला जवळा. आणि तो दोन फुटांच्या पुढे वाढतो, तेव्हा खाद्याच्या खर्चाआधी टाकीचा खर्च मोजावा.