पोकर टेबलसाठी '७१०' प्लाय घेताय? आधी हे वाचा

७,८०८ रुपये. १८ मिमी, ८ बाय ४ फुटांच्या दोन शीट, १२२ रुपये चौरस फूट. वर टेम्पोचे ६००. शिक्का आयएस ७१०, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा. आत निघाला हलका, भुसभुशीत, साधा कमर्शियल माल.

आठ जणांच्या लंबगोल टेबलाला दोनच शीट लागतात, म्हणून म्हटलं चांगला माल घेऊ. एक शीट अख्खी बेसला, दोन्ही टोकांना २ फूट त्रिज्येची गोलाई. दुसरीतून ४ इंच रुंद रेलची (हात टेकायच्या गादीदार काठाची) कडी, आणि आत उरलेला तुकडा खेळायच्या पृष्ठभागाला. (तो चहूबाजूंनी ३-४ मिमी कमी करा, नाहीतर कापड गुंडाळल्यावर कडीत बसत नाही.) मालात कुठेही काटकसर केली नव्हती. म्हणूनच जास्त चीड येते.

कळायला हवं होतं ते दुकानाच्या दारातच. एका हमालाने शीट एकट्याने उचलली आणि टेम्पोत सरकवली! १८ मिमीची खरी ७१० शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते, ती एवढ्या सहज उचलली जात नाही. कडांना लाल रंग मारलेला होता. तो रंग मधल्या थरांतल्या फटी लपवायलाही मारतात. शिक्क्यावरून अंगठा फिरवला तर शाई पुसली गेली. अंगठा निळा झालेला दिसत होता, तरी पैसे दिले. रोख, कच्च्या चिठ्ठीवर. पक्कं बिल मागितलं तर "मग १८ टक्के जीएसटी वर लागेल", म्हणजे १,४०५ रुपये जास्त. तेवढे वाचवले. चूक होतीच, पण बाजारात बिल मागितलं की गिऱ्हाइकालाच चोरासारखं बघतात, हेही खरं आहे.

राऊटर (कड कापायचं मशीन) फिरवला तेव्हा गोलाईवर बोट जाईल एवढ्या पोकळ्या निघाल्या. होल-सॉने कप होल्डरची भोकं पाडताना कडेचे पापुद्रे सुटले. रेल खालून बोल्टने आवळायची म्हणून कडीच्या वरच्या बाजूने १२ टी-नट (लाकडात ठोकायचे दातेरी नट) ठोकले होते. पाच जागच्या जागी गरागरा फिरले, कारण दात धरायला आत लाकूडच नव्हतं. व्हर्नियर लावला तर जाडी १६.४ मिमी. बेस आणि कडी, दोन थर मिळून ३६ ऐवजी ३२.८ मिमी. ३५ मिमीच्या बोल्टची टोकं वॉशर घालूनही वर आली आणि रेलवरच्या फोम-रेक्झिनला भोसकली. ते ३,१५० गेले. एकूण ११,५५८.

शेवटी तुकडा उकळत्या पाण्यात टाकला. ७१० ने ७२ तास टिकायचं असतं. हा चाळीस मिनिटांत वहीसारखा उघडला.

शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा परवाना क्रमांक, दुकानातच उभं राहून बीआयएसच्या (आयएसआय शिक्का देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या) बीआयएस केअर अॅपवर टाका. आमच्या शीटवरचा नंबर सापडलाच नाही. तपासला मात्र प्लाय कापून झाल्यावर.

आणि तक्रार! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तर पहिला प्रश्न "बिल आहे का?" वजनमापं तपासणारे वैधमापनवाले म्हणतात, प्लाय बीआयएसचं काम. पोलीस चौकीत तर "पत्त्यांचं टेबल कशाला पाहिजे?" इथूनच सुरुवात. घरात प्लास्टिकच्या चिप्सवर, पैसे न लावता खेळण्यासाठी, असं तीनदा सांगावं लागलं. मग "ही दिवाणी बाब आहे". खोटा आयएसआय शिक्का मारणं हा गुन्हा आहे, दिवाणी बाब नाही! फसवलेल्याची उलटतपासणी करायची आणि फसवणाऱ्याला साधा फोनही करायचा नाही. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, हे एकाही टेबलावर कुणी सांगितलं नाही. तिथेही हातात पुरावा लागतोच, म्हणून तिथल्या तिथे शिक्क्याचे आणि कडांचे फोटो काढा, पैसे यूपीआयने द्या. कडेचा रंग दुकानातच पॉलिश पेपरने घासा. दुकानदार नको म्हणाला तर शीट उतरवूनच घेऊ नका.

बीआयएसकडे केलेल्या तक्रारीला आज ४७ दिवस झाले. त्या दुकानाच्या दारात तशाच लाल कडांच्या शीटची थप्पी परवाही उभी होती.